मानपत्र इकडे, पाणी तिकडे

शेतकऱ्याचा सत्कार करायचा, हे इमारतीच्या सभेत एकमताने ठरलं. एकमताने ठरलेली गोष्ट शेवटी एकाच माणसाच्या गळ्यात पडते, त्याप्रमाणे ती सेक्रेटरींच्या गळ्यात पडली. सेक्रेटरी हे त्यांचं नाव नव्हे. पण इमारतीचं सेक्रेटरीपद त्यांना इतकी वर्षं चिकटून राहिलं होतं, की रागावल्यावर बायकोही त्यांना याच नावाने हाक मारायची.

सभेत विषय निघाला तो दातांच्या डॉक्टरांमुळे. हे दुसऱ्या मजल्यावर राहतात आणि दात सोडून इतर सगळ्या बाबतीत मोफत सल्ला देतात. त्यांच्या मुलीने त्यांना विचारलं होतं, की बाबा, बटाटा झाडाला लागतो का? डॉक्टर म्हणाले, "मी तिला रागावलो. पण रागावण्याआधी मीही आतल्या खोलीत जाऊन एकदा पुस्तकात बघून आलो, हे सभेपासून लपवत नाही." सभा गंभीर झाली. आपण काय खातो, ते कोण पिकवतं, कसं पिकवतं, याचा आपण कधी विचार केला आहे का, असं एकाने विचारलं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. अध्यक्ष वजनमापं खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी तिथल्या तिथे कार्यक्रमाला 'अन्नदात्याला वंदन' असं नाव दिलं, सभागृह ठरवलं, प्रमुख पाहुणे ठरवले, मानपत्राचा कागद कुठल्या जाडीचा असावा तेही ठरवलं. मग कोणीतरी विचारलं, की सत्कार कोणाचा?

सभेत शांतता पसरली. इतक्या शिकल्यासवरलेल्या कुटुंबांत कोणी एका शेतकऱ्याला ओळखत नव्हतं. अध्यक्षांच्या चुलतभावाकडे जमीन होती, पण तिच्यावर आता गोदाम उभं होतं. ती शांतता सेक्रेटरींना सहन होईना. सभेतल्या शांततेचा शेवट आपल्या नावाने होतो, हा त्यांचा जुना अनुभव. तरीही ते बोलून गेले, "आपले कांदेवाले आहेत की."

कांदेवाले म्हणजे दर रविवारी फाटकाशी छोटा टेम्पो लावून स्वतःच्या शेतातले कांदे विकणारं एक जोडपं. तो पोती उतरवायचा, ती वजन करायची. सगळी इमारत त्यांच्याकडूनच कांदे घ्यायची. सूचना मंजूर झाली. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या आपल्यासाठी आहेत असं सेक्रेटरींना क्षणभर वाटलं, आणि इथेच ते फसले. ते विमा कंपनीत नुकसानभरपाईच्या टेबलावर बसत. घराला आग लागली तर, गाडी पुरात वाहून गेली तर, अशा 'तर'वरच त्यांचा प्रपंच चालला होता. दुसऱ्यांच्या संकटांचा दिवसभर हिशेब मांडणाऱ्या या माणसाला एक छोटंसं स्वप्न होतं: एकदा तरी व्यासपीठावर उभं राहून मनापासून भाषण करावं, आणि ते इमारतीने ऐकावं. आजवर भाषणं अध्यक्ष करत आणि सेक्रेटरी माइकची उंची कमीजास्त करत. या वेळी मात्र प्रास्ताविक सेक्रेटरींनी करावं, असं सभेने ठरवलं. ते रात्री जेवता जेवता पुटपुटू लागले. बायकोने विचारलं, काय झालं? ते म्हणाले, "काही नाही, अन्नदात्याविषयी बोलतोय." ती म्हणाली, "ताटातलं आधी संपवा."

पुढच्या सभेत डॉक्टरांना शंका आली. कांदेवाले शेतकरीच आहेत कशावरून? दुसरीकडून आणून विकत असतील. अध्यक्ष शिक्क्याशिवाय आकाशातल्या सूर्यावरही विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी दाखला आणायला सांगितलं. सेक्रेटरी जमिनीच्या कचेरीत गेले. तिथला कारकून डोकं वर न काढता म्हणाला, "शेतकरी असल्याचा दाखला कशासाठी हवा? कर्जासाठी असतो, वारसासाठी असतो, नुकसानभरपाईसाठी असतो."

"सत्कारासाठी."

कारकुनाने डोकं वर काढलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कोणी मागितलं नसावं. "तसा नमुना नाही आमच्याकडे. नुकसानभरपाईचा देऊ का? नुकसान झालंय का?"

"अजून नाही," सेक्रेटरी म्हणाले, आणि घरी येताना त्यांना त्या 'अजून'ची उगाचच धास्ती वाटू लागली.

शेवटी 'इतर कारण' अशा सदराखाली दाखला मिळाला. आता फक्त कांदेवाल्यांना सांगायचं राहिलं होतं. वाचकांना वाटेल, हे आधी करायला हवं होतं. पण सत्कारमूर्तीला विचारणं ही आपल्याकडे कार्यक्रमपत्रिका छापून झाल्यावरची पायरी असते. सेक्रेटरी पत्रिका घेऊनच फाटकाशी गेले. कांदेवाल्यांना आधी ते चेष्टा करताहेत असं वाटलं. मग दोघं लाजले. बाई म्हणाल्या, "व्यासपीठावर? मी पण?" आणि पदराला हात पुसून त्यांनी पत्रिका घेतली. कांदेवाल्यांनी तिच्यावरची तारीख वाचली.

"भाऊ, त्या दिवशी आमच्या पाण्याची पाळी आहे."

कालव्याचं पाणी त्या भागात पाळीने मिळे. आपल्या पाळीला आपल्या शेतात माणूस उभा हवा. नसेल तर पाणी पुढच्या शेताकडे जातं, आणि गेलेलं पाणी परत मागता येत नाही. कांदा आता पोसायला लागला होता. ही पाळी चुकली तर तो गोटीएवढा राहणार.

"तुमचा बदली माणूस?" सेक्रेटरींनी विचारलं. त्यांच्या ऑफिसात शिपायालाही बदली माणूस होता.

"या दिवसांत जो तो आपल्या पाण्यामागे असतो, भाऊ. मजूरही मिळत नाही."

"मग रजा... म्हणजे, कोणालातरी सांगून..."

"राहू द्या, भाऊ," बाई म्हणाल्या. "तुम्ही बोलावलंत, त्यातच सगळं आलं." त्यांनी पत्रिका नीट घडी करून कनवटीला लावली. हे त्या इतक्या सहज म्हणाल्या, की यात नवीन काहीच नव्हतं हे सेक्रेटरींच्या लक्षात आलं. सख्ख्या बहिणीच्या लग्नालाही त्या अशाच गेल्या नव्हत्या, हे त्यांनी वजनकाट्यावर कांदे टाकता टाकता सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, गप्पांच्या ओघात.

सेक्रेटरींना फार वाईट वाटलं. वाईट वाटलं की माणसाने घरी जावं. ते कालव्याच्या कचेरीत गेले. कालव्यावर पाणी वाटून देणारा पाटकरी तिथे चहा पीत बसला होता. पाळी दोन दिवस पुढे ढकलता येईल का, असं सेक्रेटरींनी विचारलं. सभागृह ठरलं आहे, प्रमुख पाहुणे मोठ्या मुश्किलीने मिळाले आहेत, हेही सांगितलं. पाटकऱ्याने पत्रिका उलटसुलट करून पाहिली. "साहेब, पाणी वरून सुटलं की खाली येतं. मध्ये उभा राहून त्याला ही पत्रिका वाचून दाखवू का?" त्याने कपातला चहा संपवला. "तुम्ही सत्कार पुढे ढकला की."

अध्यक्ष म्हणाले, सत्कार पुढे जाऊ शकत नाही, सभागृहाची अनामत बुडते. डॉक्टर म्हणाले, दुसरा शेतकरी बघा, ज्याला वेळ असेल असा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी सेक्रेटरींची गत झाली. पुढच्या रविवारी 'तुमचा सत्कार रद्द' असं सांगायला ते फाटकाशी गेले. बाईंनी त्यांना पाहून विचारलं, "काय झालं मग, भाऊ?" आणि सेक्रेटरींच्या तोंडातून बाहेर पडलं ते असं:

"तुम्ही जा व्यासपीठावर. पाणी मी धरतो."

आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणारी माणसं पुष्कळ असतात. पण धोंडा उचलायला लांब जाऊन, तो घरी आणून पाडून घेणारी थोडी. बायको ऐकून खाली बसली. "तुम्हांला बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालता येत नाही. खालच्यांच्या वाळत घातलेल्या चादरी भिजवता. आणि दुसऱ्याचं अख्खं पीक?" डॉक्टरांनी गुडघ्यापर्यंतचे बूट घ्या, साप असतात, असं सांगितलं, आणि लगेच असंही सांगितलं की बुटात साप शिरला तर कळत नाही. अध्यक्षांनी सगळ्यात वर्मी घाव घातला. "पण मग तुमचं प्रास्ताविक?" ते म्हणाले. "काळजी नको. मीच वाचतो." सेक्रेटरींनी लिहिलेले कागद त्यांच्या हाती दिले. देताना एक कोपरा त्यांच्या बोटांत जरा जास्त वेळ राहिला.

सत्काराच्या दिवशी सकाळी ते शेतावर पोचले. कांदेवाल्यांनी त्यांना वाफे दाखवले. पाटातून पाणी येतं. वाफ्याचं तोंड फावड्याने उघडायचं, वाफा भरला की मातीने बुजवायचं, मग पुढच्याचं उघडायचं. एवढंच.

"भरला म्हणजे किती भरला?"

"भरला की कळतं, भाऊ."

विम्याच्या टेबलावरच्या माणसाला 'कळतं' हा शब्द विषासमान. "समजा नाही कळलं, तर?"

कांदेवाले विचारात पडले. त्यांना आजवर कधी न कळण्याचा प्रसंग आला नव्हता. "कळेल," ते म्हणाले. मग इस्त्रीच्या कपड्यांतलं ते जोडपं टेम्पोत बसलं. बाईंनी खिडकीतून दोनदा मागे वळून पाहिलं. पहिल्यांदा सेक्रेटरींकडे, दुसऱ्यांदा कांद्याकडे.

बांधावर एक माणूस आधीच बसलेला होता. खांद्यावर फावडं, तोंडात गवताची काडी. यांच्यानंतर पाळी त्याची. साहेब विमा कंपनीतले, हे कांदेवाल्यांनी त्याला जाताना सांगितलं होतं. सेक्रेटरींनी त्याला मनातल्या मनात 'पुढचा' असं नाव दिलं. पाणी येताच पुढचा म्हणाला, "साहेब, पाटाची कड बघून ठेवा. उंदरांनी पोखरलीये." सेक्रेटरींनी मान डोलावली आणि ते वाक्य मनावर घेतलं नाही. आपलं पाणी गेलं तर ते या माणसाला मिळणार, म्हणजे हा हितसंबंधी पक्ष. हितसंबंधी पक्षाची माहिती दाव्यात धरायची नसते, हे त्यांना नोकरीच्या पहिल्या वर्षीच शिकवलं होतं.

पहिला वाफा त्यांनी इतका भरला की कांद्याच्या पाती तरंगल्या. दुसरा भीतीने अर्धाच सोडला. तिसऱ्यापासून हात बसू लागला, आणि हात बसतोय असं वाटताच कंबर धरली. विजार गुडघ्यापर्यंत चिखलाने माखली. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेला एक बूट चिखलात रुतून राहिला तो राहिलाच. तरीही माती भिजताना येणारा बारीक आवाज ऐकून त्यांना बरं वाटत होतं, आणि बरं वाटतंय म्हणजे काहीतरी चुकतंय अशी काळजीही वाटत होती. पुढचा काडी चावत सगळं पाहत होता.

मग फोन वाजला. बायको सभागृहातून बोलत होती. "सुरू होतंय. ऐका तुमचं भाषण." यांना नीट ऐकू यावं म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिने फोन स्पीकरवर टाकून व्यासपीठावर माइकशेजारीच ठेवला होता. सेक्रेटरींनी आपला फोन बांधावरच्या काठीला लटकवला आणि फावड्यावर हनुवटी टेकून ते उभे राहिले. अध्यक्षांचा आवाज आला: "ज्यांच्या हातचं आपण रोज खातो, ते हात आपण कधी पाहिले आहेत का? आपण झोपतो तेव्हा कोणाच्या तरी शेतात कोणीतरी उभं असतं, म्हणून आपलं ताट भरतं." हे वाक्य सेक्रेटरींनी फार विचार करून लिहिलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून का होईना, ते चांगलं वाटत होतं. त्यांचे डोळे भरून आले. भरल्या डोळ्यांनी वाफ्यातलं पाणी बराच वेळ पुढे सरकलेलं नाही, हे त्यांना दिसलं नाही.

दिसलं तेव्हा पाटाच्या कडेला मोठं भगदाड पडलं होतं, आणि कांदेवाल्यांचं पाणी गाडीवाटेवरून उताराला धावत होतं.

"फुटलं," ते ओरडले. "अहो, फुटलं."

सभागृहात नेमकी त्याच वेळी 'या भूमीच्या सुपुत्रांनो' अशी ओळ चालू होती. तिच्या पाठोपाठ मोठ्या कर्ण्यांतून "फुटलं" असं ऐकू आलं. प्रमुख पाहुणे आधी छताकडे बघू लागले. कांदेवाले खुर्चीवरून उठले, अध्यक्षांना हळूच बाजूला सारून माइकवर वाकले.

"भाऊ, काय फुटलं? वाफा की पाट?"

"मला काय ठाऊक. पाणी वाटेने चाललंय."

"म्हणजे पाट. आधी काहीतरी कोंबा भोकात."

"काय कोंबू?"

सभागृहात पहिल्या रांगेतून सूचना येऊ लागल्या. कोणी म्हणालं गोणपाट, कोणी म्हणालं दगड. डॉक्टर कापूस म्हणाले, ते सवयीने. सेक्रेटरींनी माती टाकली, ती वाहून गेली. शर्ट काढून कोंबला, तो वाटेने निघून गेला. त्यांचा आवाज आता रडकुंडीला आला होता. "जातंय हो. सगळं जातंय. मला माफ करा."

"भोक केवढं आहे?"

"माणूस मावेल एवढं."

कांदेवाल्यांनी माइक जवळ ओढला. "मग बसा, भाऊ."

"कुठे?"

"भोकात. पाठ पाण्याकडे करून बसा. घाबरू नका."

ज्या माणसाला आयुष्यभर व्यासपीठावर जागा हवी होती, त्याला अशा रीतीने जागा मिळाली. सेक्रेटरी बनियनवर भगदाडात बसले. थंडगार पाणी पाठीला थडकलं आणि थांबलं. "थांबलं," ते ओरडले. सभागृहात टाळ्या पडल्या. काठीवरच्या फोनमधून त्या ऐकू आल्या. या वेळी त्या खरोखर आपल्यासाठीच आहेत हे त्यांना कळत होतं, पण उठून पाहता येत नव्हतं.

"हलू नका," कांदेवाले म्हणाले. "पुढच्या पाळीवाला आहे का तिथे?"

"बघतोय माझ्याकडे."

मग माइकवर बाईंचा आवाज आला. "भावजी, बघत काय बसलाय? फावडं घ्या आणि माती लावा. पुढच्या पाळीला तुमचा पाट फुटला तर आम्हीसुद्धा काडी चावत बसू, सांगून ठेवते."

पुढचा उठला. त्याने मुळासकट गवताची ढेकळं उपटून सेक्रेटरींच्या दोन्ही बाजूंना रचली, पायाने दाबली, मग त्यांना काखेत धरून ओढून काढलं आणि त्यांच्या जागी माती भरली. "सांगितलं होतं तुम्हांला," तो म्हणाला. सेक्रेटरी पुन्हा वाफ्यांकडे धावले. पण वाया गेलं ते गेलं होतं. कडेचे वाफे अजून कोरडे असतानाच पाटकरी सायकलवरून आला आणि त्याने पाळी संपल्याची शिट्टी वाजवली.

"एवढे शेवटचे घेऊ द्या," सेक्रेटरी पुढच्याला म्हणाले. हातही जोडले त्यांनी.

पुढच्याने त्यांच्याकडे पाहिलं. त्याला दया आली असावी, पण त्याचेही कांदे तहानलेलेच होते. "तुमच्याकडे मुदत संपल्यावर दावा घेतात का, साहेब?"

"नाही," सेक्रेटरी म्हणाले, आणि बांधावर खाली बसले.

संध्याकाळी टेम्पो आला. कांदेवाले चांगले कपडे वर खोचून वाफ्यांमधून हिंडले. सेक्रेटरी निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखे मागेमागे. कोरड्या वाफ्यांशी कांदेवाले थांबले, वाकून एका कांद्याशेजारची माती चाचपली.

"एवढेच राहिले का? ठीक आहे."

"ठीक कसं? मी सगळं..."

"दर पाळीला काहीतरी राहतंच, भाऊ. मी असलो तरी राहतं." हे खरं होतं की समजुतीचं, ते सेक्रेटरींना कळलं नाही. त्यांनी जन्मभर खरंखोटं तपासण्याची नोकरी केली होती.

बाई मानपत्र छातीशी धरून टेम्पोतच बसून होत्या. "किती चांगलं झालं, भाऊ," त्या म्हणाल्या. "पाठ टेकायला खुर्ची होती. वर पंखा होता. पाण्याच्या पाळीला मी पहिल्यांदा दिवसभर बसले." त्यांच्या तोंडावरचा आनंद इतका उघडा होता, की सेक्रेटरींना मान वर करून बघवेना.

इमारतीत पुढचे काही दिवस सेक्रेटरींना मोठा मान मिळाला. लोक जिन्यात थांबवून 'भोकाची गोष्ट' सांगायला लावत. अध्यक्षांनी पुढच्या वर्षी दूधवाल्याचा सत्कार सुचवला, तेव्हा सेक्रेटरींनी विचारलं की त्याच्याकडे गाई किती, आणि त्या लाथा मारतात का. ती सूचना नंतर कोणी पुढे नेली नाही. सेक्रेटरी मात्र रात्री कूस बदलत पडत. सगळ्यांना हसताना ते कोरडे वाफे आठवत नसत, यांना आठवत.

कांदा निघाल्यावर पहिल्या रविवारी टेम्पो फाटकाशी लागला. सगळी इमारत पिशव्या घेऊन उतरली. डॉक्टर पोत्यात हात घालून हाताला लागेल तो मोठा कांदा उचलत होते. "यंदा बारीक फार आहेत हो," ते म्हणाले. "काय झालं?"

"पाणी थोडं कमी पडलं," कांदेवाले म्हणाले. त्यांनी कोणाकडे बघितलं नाही.

मागे उभ्या असलेल्या सेक्रेटरींचा चेहरा उतरला. ते वाट काढत पुढे गेले आणि उकिडवे बसून पोत्यातले गोटीएवढे कांदे एकेक करून पिशवीत टाकू लागले. बायको म्हणाली, "अहो, हे काय? एवढेसे? सोलता सोलता माझा जीव जाईल."

"मी सोलीन," ते म्हणाले.

बाईंनी काट्यामागून वेगळी बांधलेली एक पिशवी काढली. "भाऊ, ते टाका. तुमच्यासाठी मोठे निवडून ठेवलेत मी."

"ते दुसऱ्या कोणाला द्या, ताई," सेक्रेटरी म्हणाले आणि त्यांनी आपली पिशवी काट्यावर ठेवली. "माझे मला द्या."